कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुख्याध्यापकांना एका फौंड्रीवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक आणि मुख्याध्यापिका,
कोल्हापूर शहर व जिल्हा

सप्रेम नमस्कार.

शिरोली एमआयडीसीत माझी लहानशी फौंड्री आहे. पंपाची बॉडी, बेअरिंगचं हाउसिंग असली बिडाची कास्टिंगं आम्ही वाळूच्या साच्यात ओततो. शिकवण्याचा आणि माझा संबंध एवढाच, की तुमच्या शाळांतून दहावी होऊन बाहेर पडलेली पोरं दोन-तीन वर्षांनी, कधी आयटीआय करून तर कधी तशीच, माझ्या दारात उभी राहतात. त्यातल्याच एका पोरामुळं हे पत्र लिहायला बसलोय.

गेल्या जुलैतली गोष्ट. मशीनिंगला गेलेल्या हाउसिंगमध्ये भोकं निघायला लागली. आम्ही त्याला ब्लोहोल म्हणतो. कास्टिंग बाहेरून गुळगुळीत असतं, टूल लागलं की आत हरभऱ्याच्या डाळीएवढी पोकळी दिसते आणि सगळा जॉब भंगारात. ब्लोहोलची कारणं या धंद्यात कुणालाही झोपेतून उठवून विचारा, सांगेल: वाळूत ओलावा जास्त, वाळू इतकी ठासलेली की गॅसला वाट नाही, कोअर, म्हणजे आतली पोकळी राखायला साच्यात ठेवतात तो वाळूचा गाभा, दमट, नाहीतर धातू थंड ओतला. यातलं नेमकं कुठलं, ते शोधायचं असतं. मी शोधलं नाही, ठरवून टाकलं. मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारा, नवा होता, त्याच्या नावावर बिल फाडलं आणि त्याला फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायला बसवलं. भोकं निघतच राहिली.

तेव्हा कोअरच्या कामावर कागलकडचा एक एकोणीस वर्षांचा पोरगा होता. त्याला सहज विचारलं, "तुला काय वाटतंय रे?" त्यानं कास्टिंगकडं बघितलं नाही, माझ्या तोंडाकडं बघितलं. ही नजर तुम्ही रोज वर्गात बघत असाल. फळ्यावरच्या गणितापेक्षा सरांच्या चेहऱ्यावर उत्तर लवकर सापडतं, हे कळलेली नजर. "तुम्हीच सांगा की मालक," म्हणाला.

तीन आठवड्यांनी सँड मिक्सरच्या मागचं सामान हलवताना भिंतीवर खडूच्या रेघा सापडल्या. डावीकडं वारांची नावं, पुढं उभ्या रेघा, पाचवी रेघ आडवी मारून गठ्ठे केलेले. बाकीच्या वारांपुढं दोन-तीन रेघा आणि मंगळवारपुढं गठ्ठ्यावर गठ्ठा. आमची भट्टी सोमवारी बंद असते. शनिवार-रविवारी केलेली कोअर शटरजवळच्या रॅकवर पडून राहते आणि मंगळवारच्या पहिल्या हीटला, म्हणजे भट्टीच्या पहिल्या ओतीला वापरली जाते. पावसाची झड त्या शटरच्या फटीतून आत येते. सोडियम सिलिकेटनं वाळू बांधून केलेली कोअर दमट हवेत ओलावा धरते, हे मला तीस वर्षांपासून माहीत आहे. त्या पोराला ते कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं नुसतं मोजलं होतं.

"हे कधीपासून लिहितोयस?"

"पंधरा दिवस झाले असतील."

"मग सांगितलं का नाहीस?"

"नक्की म्हायती नव्हतं, मालक. चुकलं असतं तर?"

रॅक भट्टीच्या बाजूला, कोरड्यात हलवला. पुढचे तीन मंगळवार आम्ही दोघांनी मिळून मोजले, रेघा इतर वारांच्या बरोबरीला आल्या. मोल्डरला त्याच्या जागेवर परत आणलं. त्याची माफी मागितली का, असं कुणी विचारेल. चहा पाजला.

त्या पोराला दहावीला विज्ञानात चांगले मार्क होते. एकदा डबा खाताना मी विचारलं, माठातलं पाणी गार का होतं? त्यानं न थांबता सांगितलं: मडक्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपतं, त्याचं बाष्पीभवन होतं, त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते. शब्द न शब्द बरोबर. मग म्हटलं, जुलैत माठातलं पाणी तितकं गार का होत नाही? तो हसला. "तसा प्रश्न येत न्हाई, मालक."

पावसाळी हवा आधीच ओलाव्यानं भरलेली असते, त्यामुळं बाष्पीभवन मंदावतं. त्याच हवेनं माझी कोअर दमट केली होती. म्हणजे उत्तर त्याच्याजवळ दहावीपासून होतं, फक्त ते 'शास्त्रीय कारणे लिहा' या कप्प्यात ठेवलेलं होतं आणि त्या कप्प्याला बाहेरचं दार नव्हतं. मला या प्रश्नप्रकाराचं नेहमी नवल वाटतं. शास्त्रीय कारणे लिहा, भौगोलिक कारणे लिहा! नाव किती भारी. आणि आपण ती कारणं अपेक्षित प्रश्नसंचातून पाठ करून घेतो.

तुमच्यावर खापर फोडायला हे लिहीत नाही. मी स्वतः काय वेगळं केलं? त्या पोरानं पहिल्याच आठवड्यात एकदा काहीतरी सुचवलं होतं, तेव्हा "तू तुझं काम बघ" असं मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो. नंतर त्यानंच आठवण करून दिली, तीही हसत हसत. शाळेनं दहा वर्षांत शिकवलेलं मी एका वाक्यात पक्कं केलं: नक्की ठाऊक असल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. पण विचार करणं म्हणजे जे नक्की ठाऊक नाही त्याच्याशीच झटापट करणं ना? नक्की ठाऊक असतं त्याला विचार कशाला लागतो?

पोरं विचार करत नाहीत, ही तक्रार मी आमच्या उद्योजकांच्या बैठकीत आजवर शंभरदा ऐकली असेल, शंभरदा केलीही असेल. ती आता मला खोटी वाटते. पोरं विचार करतात, पण मिक्सरच्या मागं करतात, खडूनं, कुणाला दिसणार नाही असा. तो पुढं आणता येईल का, एवढाच माझा प्रश्न आहे. मला सुचलेला उपाय अगदी साधा आहे: आधी अंदाज लिहायचा, मग तपासायचा आणि चुकला तरी खोडायचा नाही.

आता प्रयोगवहीचं बघू. माझ्या पुतणीची मी चाळली. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. आकृत्या सुबक, कव्हर छान. बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर काढायचा प्रयोग होता. लांबच्या झाडाची प्रतिमा पडद्यावर आणायची आणि भिंगापासून पडद्यापर्यंत मोजायचं. तिन्ही वेळचं वाचन १० सेंमी, सरासरी १० सेंमी. म्हटलं, तीनदा मोजून एकदाही मिलिमीटरचा फरक नाही? म्हणाली, "काका, ते मागच्या वर्षीच्या दीदीच्या वहीतून घ्यायचं असतं. सगळ्यांचं तेच आहे." माझ्याकडं कॅलिपरनं एकच जॉब तिघांनी मोजला तर तीन आकडे येतात. तिघांचे आकडे तंतोतंत जुळले तर मी आधी त्या तिघांकडं संशयानं बघतो.

त्या वहीत एक रकाना कधीच नसतो. प्रयोगाआधी तुला काय वाटलं होतं? आणि का?

पुतणी आता बी.एड. करते. तिनं मला एक गोष्ट वाचून दाखवली. हार्वर्डला भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. वर्गात प्रयोग करून दाखवल्यानं मुलांना जास्त समजतं का, हे त्यांनी तपासलं. ज्यांनी प्रयोग नुसता बघितला, त्यांची समज प्रयोग न बघितलेल्यांपेक्षा जवळजवळ वाढलीच नव्हती. ज्यांना बघण्याआधी दोन मिनिटं देऊन 'काय होईल' ते लिहायला लावलं होतं, त्यांची मात्र वाढली. प्रयोग तोच, वेळही थोडाच जास्त. मला ते लगेच पटलं. पैज लावून बघितलेली कुस्ती आणि येता-जाता बघितलेली कुस्ती, दोन्हीतला फरक खासबागच्या मैदानात बसलेल्या कुणालाही सांगावा लागत नाही.

मागच्या वर्षी एका शाळेनं मला नववीच्या वर्गापुढं 'करिअर मार्गदर्शन' करायला बोलावलं. त्या विषयावर बोलायचा मला कंटाळा, म्हणून एक खेळ घेतला. फळ्यावर लिहिलं: २, ४, ६. म्हटलं, हे तीन आकडे माझ्या मनातल्या एका नियमात बसतात. तुम्ही तीन-तीन आकडे सांगा, मी फक्त हो किंवा नाही म्हणणार. नियमाची खात्री झाली की सांगा.

"८, १०, १२!" हो. "२०, २२, २४!" हो. "१००, १०२, १०४!" हो. वर्ग उसळला. "सर, दोन-दोननं वाढतंय!"

चूक, म्हटलं.

शांतता. मग पुन्हा १४, १६, १८. हो, हो, हो. "सर, सम संख्या!" चूक. तिसऱ्या बाकावरचा एक हुशार मुलगा चिडला, त्याला वाटलं मी फसवतोय. तेवढ्यात मागून एका मुलीचा आवाज आला, "७, १, ३?"

नाही.

सगळा वर्ग हसला. चुकली, चुकली! मी खडू खाली ठेवला आणि विचारलं, आतापर्यंत तुम्ही पंधरा वेळा 'हो' मिळवलंत, त्यातून नियम कळला का? तिनं एक 'नाही' मिळवलं. आता त्या 'नाही'कडं बघा. मग पोरांचं डोकं चालायला लागलं. कुणी १, २, ३ विचारलं: हो. ५, ५० आणि ५००: हो. ३, २, १: नाही. तासाची घंटा व्हायच्या आत नियम निघाला. आकडे चढत गेले पाहिजेत, बास, एवढाच होता.

हा खेळ माझा नाही. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञानं १९६० साली लंडनमध्ये कॉलेजच्या मुलांवर तो करून बघितला होता. २९ जणांपैकी फक्त ६ जणांनी एकही चुकीचा नियम न सांगता बरोबर नियम सांगितला. बाकीचे आपल्या नववीच्या वर्गासारखेच. मनात एक कल्पना धरायची आणि तिला 'हो' म्हणणारीच उदाहरणं शोधत राहायची. मी नव्या मोल्डरच्या बाबतीत हेच केलं होतं. त्यानं टाकलेल्या मोल्डमध्ये भोक निघालं की मी बोट दाखवायचो. त्याचा हात न लागलेल्या मोल्डमध्ये किती भोकं निघाली, हे एकदाही मोजलं नाही.

तास संपल्यावर वर्गशिक्षिका हळूच म्हणाल्या, "ती मुलगी जरा कच्ची आहे हो." बाई प्रेमळ आहेत, त्यांनी काळजीपोटीच सांगितलं असणार. तरी ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

असा विचार शाळेबाहेर कुठं लागतो, हे कोल्हापूरकरांना मी काय सांगणार. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आठवा. शिरोलीजवळ हायवेवर पाणी, वाहतूक बंद, आम्ही इकडं आणि घरची माणसं तिकडं. त्या दिवसांत मोबाइलवर काय काय फिरत होतं! 'राधानगरीचे सगळे दरवाजे सोडले, दोन तासांत अमुक पेठ पाण्याखाली.' मीही तसला एक मेसेज घाबरून पुढं पाठवला होता. शेजारच्या आठवीतल्या मुलानं मला विचारलं, "काका, हे किती वाजताचं आहे?" मेसेजवर वेळच नव्हती. मग त्यानं आणखी विचारलं, राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेचं पाणी आत्ता किती फूट आहे? इशारा पातळी ३९ आणि धोका पातळी ४३ फूट, हे त्या दिवसांत लहान पोरांनाही पाठ झालं होतं. पण पाठ असलेला आकडा त्यानं प्रश्न विचारायला वापरला, मला ते भारी वाटलं.

राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरून पाणी ठरावीक पातळीला गेलं की ते पाण्याच्या दाबानं आपले आपण उघडतात. 'रात्री गुपचूप दरवाजे सोडले' म्हणणाऱ्याला हे माहीत नसतं. एक दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक पाणी सुटतं, असा आकडा दर पावसाळ्यात पेपरात येतो. १४२८ म्हणजे किती, हे कुणाच्या डोळ्यापुढं उभं राहतं? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. नववीच्या पोराला गुणाकार करू द्या: सेकंदाला चाळीस हजार लिटरच्या वर. दहा हजार लिटरचे चार टँकर, दर सेकंदाला, एका दरवाजातून. पण गुणाकाराच्या आधी त्याला अंदाज लिहायला लावा. कुणी लिहील अर्धा टँकर, कुणी शंभर. दोघंही ते उत्तर जन्मात विसरणार नाहीत. आणि वर्गातला एखादा आगाऊ कार्टा हमखास विचारेल, की पंचगंगा म्हणता पण नकाशात कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चारच नद्या दिसतात, पाचवी कुठाय? पाचवी सरस्वती, गुप्त, असं सांगतात. त्यानं विचारल्याबद्दल त्याला बसवू नका एवढंच.

या कामासाठी कोल्हापुरासारखं गाव शोधून सापडायचं नाही. किरणोत्सवच घ्या. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून आत येत अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. वर्षातून दोनदाच का, आणि याच तारखांना का? त्या नववीच्या वर्गात मी हाही प्रश्न टाकला. कॅलेंडर घ्या, म्हटलं, आणि सगळ्यांत लहान दिवस शोधा. २१ किंवा २२ डिसेंबर. आता १० नोव्हेंबर ते २२ डिसेंबर किती दिवस? ४२. आणि २२ डिसेंबर ते १ फेब्रुवारी? ४१. लगेच एकजण म्हणाला, २१ धरली तर ४१ आणि ४२ येतंय, म्हणजे मधोमधच आहे की सर! सूर्य डिसेंबरपर्यंत दक्षिणेकडं सरकतो आणि त्याच वाटेनं परत फिरतो. जाताना ज्या जागी मावळतो, येताना पुन्हा त्याच जागी. त्या दिवसांत तो पश्चिमेपासून साधारण १८ अंश दक्षिणेला मावळतो. ज्यांनी हे देऊळ बांधलं, त्यांच्यातलं कुणीतरी वर्षानुवर्षं मावळता सूर्य बघून कुठंतरी रेघा मारत बसलं असणार. त्यांच्याकडं मोबाइल नव्हता हे आपण कौतुकानं सांगतो. त्यांनी किती 'नाही' गोळा केले असतील, ते कुणी सांगत नाही.

मग मघाच्याच मुलीनं, सात-एक-तीनवाल्या, हात वर केला. म्हणाली, नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेला चाललेला असतो आणि जानेवारीत उत्तरेला येत असतो, मग दोन्ही वेळा पहिल्या दिवशी चरण आणि तिसऱ्या दिवशी मुख कसं? एकदा उलटं व्हायला नको का?

वर्गात कुणी हसलं नाही या वेळी. मी उत्तर दिलं नाही, इथंही देत नाही. तिला म्हटलं, तुमच्या वर्गाला पश्चिमेची खिडकी आहे. पुठ्ठा लाव, भोक पाड, समोरच्या भिंतीवर किरण पडेल. रोज संध्याकाळी तिथं तारीख आणि वेळ घालून खूण कर. एका दिवसात तो ठिपका वर चढतो का आडवा सरकतो, आणि दिवसागणिक कुठं जातो, हे आधी वहीत लिही. भिंतीवर खुणा करायला शाळेची परवानगी मिळाली की नाही, ते मात्र मला कळलेलं नाही.

कुणी म्हणेल, देवाच्या गोष्टीत हे कशाला. मी स्वतः दर शुक्रवारी देवळात जातो. सूर्य मोजल्यानं माझा नमस्कार काही कमी झाला नाही.

तर मागणी अशी. आठवी ते दहावीच्या प्रत्येक मुलाला एक वही: अंदाजवही. आठवड्यातून एक तास. विषय कुठलाही असो, गणित, भूगोल, मराठीसुद्धा. धडा अर्ध्यावर थांबवून 'पुढं हा माणूस काय करेल आणि का वाटतं' हेही चालेल. डाव्या पानावर शाईनं अंदाज आणि कारण. उजव्या पानावर तपासल्यावर काय निघालं ते. खोडरबर आणि व्हाइटनर दप्तरात. आणि महिन्याअखेर प्रत्येकानं आपला एक चुकलेला अंदाज वर्गात वाचून दाखवायचा, सुरुवात शिक्षकांनी करायची. ही शेवटची अट सगळ्यांत अवघड आहे, मला कल्पना आहे. मी माझ्याकडं ती सुरू केली तेव्हा पहिल्या मंगळवारी माझ्या घशाला कोरड पडली होती. नव्या मोल्डरची गोष्ट त्याच्यासमोर सांगायची होती.

कृपा करून याला मार्क देऊ नका. मूल्यमापनाचा रकाना आला, की दुसऱ्या दिवशी बाजारात तयार अंदाजवह्या मिळतील, बरोबर अंदाज भरलेल्या. 'उपक्रम' म्हणून बॅनर लावून ग्रुपवर फोटो टाकू नका. स्पर्धा तर नकोच.

पोर्शन कधी संपवायचा, हे तुम्ही विचारणार आणि ते खोटं नाही. शिक्षकांना निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती भरणं यातून वर्गावर जायला वेळ कमी पडतो, हे माझ्या घरातच मी बघतो. दहावीच्या दुसऱ्या सत्रात हे जमणार नाही, मान्य. आठवी आणि नववीत जमेल. काही पालक येऊन भांडतील, 'आमचा मुलगा चुकीचं लिहितो आणि तुम्ही दुरुस्त करत नाही' म्हणून. त्यांना माझ्याकडं पाठवा. आणि घरी पोरं प्रश्न विचारायला लागतील, त्याचा त्रास आम्हा पालकांना होईल. तो आम्ही सोसू, सगळे नाही पण काहीजण.

शाळांच्या कार्यक्रमांत १९१७ सालचा उल्लेख हमखास होतो. शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि पोराला शाळेत न घालणाऱ्या पालकाला रुपयाचा दंड ठेवला. त्या काळच्या रुपयाचा! आपण टाळ्या वाजवतो आणि तिथंच थांबतो. विज्ञाननिष्ठ दृष्टी आणि शोधक वृत्ती जोपासणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य, हे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं संविधानात आलं, आणि ती कर्तव्यं पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर छापलेली असतात. मी पुतणीला विचारलं, ते पान वर्गात कधी वाचलं होतं का. म्हणाली, "ते परीक्षेला नसतं."

माझ्याकडून एवढं करता येईल. पहिल्या पाचशे वह्यांचा खर्च मी देतो, साध्या दुरेघी, कव्हरवर कुणाचंही नाव नको, माझंही. आणि कुठल्याही शाळेनं आठवी-नववीचा एक वर्ग फौंड्रीत आणावा, एका वेळी तीसच्या आत, पायात बूट असावेत, चपला चालणार नाहीत. भट्टीपासून लांब, रेघेच्या अलीकडं उभं करीन. प्रत्येकाच्या हातात एक रिजेक्ट कास्टिंग देईन. आत भोक आहे का, असलं तर कुठं आणि का, हे आधी वहीत लिहायचं. मग ते आम्ही त्यांच्यासमोर कापू. कापणारा तोच कागलचा पोरगा असेल. त्याला विचारलंय, तो तयार आहे. फक्त म्हणाला, "पोरांनी कायतरी विचारलं आणि मला नाही आलं तर?"

मी म्हटलं, मिक्सरच्या मागची भिंत अजून पुसलेली नाही, ती दाखव.

सोमवार सोडून कधीही या. मंगळवारी आलात तर सकाळी दहाच्या आत पोचा, पहिली हीट तेव्हाच असते.

आपला,
शिरोलीचा एक फौंड्रीवाला